पाण्याच्या रेघेवरची बुरशी : विमा नियामकांना चिपळूणहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

विषय : ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पुरानंतरच्या बुरशीचा स्पष्ट उल्लेख करण्याबाबत

महोदय,

मी चिपळुणात फर्निचरचं काम करतो. घर स्वतःचं आहे, कर्ज काढून बांधलेलं, खाली तीन खोल्या आणि वर एक. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. आई, बायको आणि मुलीला वरच्या खोलीत नेलं आणि मी जिन्यात पायऱ्या मोजत बसलो. आठवी पायरी बुडाली आणि पाणी थांबलं. दुसऱ्या दिवशी ते उतरलं तेव्हा भिंतीवर चिखलाची सरळ रेघ राहिली होती, जमिनीपासून चार फूट आठ इंचांवर.

माझ्या विम्याचा पुढचा सगळा निकाल त्या रेघेने लावला. रेघेखाली जे बिघडलं ते पुराचं, रेघेवर जे बिघडलं ते माझं.

कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. तिने रेघेखालचे पैसे दिले. फ्रिज, गाद्या, खालची कपाटं, गिलावा, वायरिंग, यातल्या कशालाही फार खळखळ केली नाही. माझी तक्रार आहे ती पॉलिसीच्या मसुद्याबद्दल, आणि तो आपला आहे. ‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या विम्याची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आपण सगळ्या साधारण विमा कंपन्यांना सारख्याच शब्दांत लागू केली. चिपळूण बुडालं ते त्यानंतर चार महिन्यांच्या आत. बँकेने कर्जासोबत दिलेली माझी पॉलिसी जूनमध्येच या नव्या मसुद्यावर आली होती. म्हणजे पुराबाबत त्या मसुद्याची कोकणातली पहिली मोठी परीक्षा आमच्या भिंतींवर झाली, आणि एका बाबतीत तो अपुरा पडला.

रेघेवरचं नुकसान म्हणजे बुरशी. स्वयंपाकघरातली वरची कपाटं, माळ्याचं प्लाय, आईच्या खोलीतलं फॉल्स सीलिंग, आणि रेघेपासून वर तीन-साडेतीन फुटांपर्यंतचा गिलावा. दुरुस्तीचा हिशेब १ लाख १२ हजारांचा होता, आणि त्यात माझी स्वतःची मजुरी धरलेली नव्हती. कंपनीचं उत्तर आलं की बुरशी हे दमट हवेमुळे हळूहळू होणारं नुकसान आहे, देखभालीअभावी होतं, आणि पॉलिसीत दिलेल्या आपत्तींमध्ये ते नाही.

यादीत बुरशी नाही हे खरंच आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, अशी ती यादी आहे. पण ‘हळूहळू’ या शब्दावर माझा आक्षेप आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरावा आहे.

लाकडाची ओल मोजायचं दोन पिनांचं मीटर माझ्या कामाच्या पिशवीत कायम असतं. पिशवी वर होती म्हणून वाचली. २४ जुलैपासून मी रोज संध्याकाळी त्याचे आकडे वहीत लिहिले. सवय धंद्याची. ओलं लाकूड विकत घेतलं की दरवाजा वाकतो आणि गिऱ्हाईक दारात येतं, त्यामुळे मोजल्याशिवाय हात लावायचा नाही हे अंगात मुरलेलं आहे. चांगलं वाळलेलं लाकूड आमच्याकडे उन्हाळ्यात बारा-चौदा टक्क्यांवर असतं. वीस टक्क्यांच्या वर गेलं की बुरशीला आमंत्रण. २४ जुलैला स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाचा आकडा १९ होता. या कपाटाला पुराचं पाणी लागलं नव्हतं. २९ जुलैला तो २४ झाला, ५ ऑगस्टला २८. पहिली पांढरी लव २६ जुलैलाच दिसली, आईच्या पलंगाच्या प्लायला खालून. पाणी उतरून तीनच दिवस झाले होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वरच्या कपाटांच्या पाठीवर काळे-हिरवे ठिपके आले आणि पंधरवड्यात माळा गेला.

हे वर चढलं कसं, ते सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आमच्या भिंती चिऱ्याच्या. जांभा दगड स्पंजासारखा असतो, खालून पाणी ओढतो आणि वर नेतो. बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि आतून ऑइलपेंट असेल तर आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. दुसरी गोष्ट हवेची. चिंब भिंतींच्या बंद खोलीत, वीज नाही, पंखा नाही, बाहेर श्रावणाच्या तोंडावरची झड, अशा वेळी भिंतीतून सुटलेली वाफ जाणार कुठे? ती वरच्या कपाटात, माळ्यावर, छताच्या कोपऱ्यात बसते. बुरशीचे बीजाणू हवेत बारा महिने असतातच. त्यांना हवी असते फक्त ओल. ती मिळाली की चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ते रुजायला लागतात. प्लायमधला डिंक, कागद, रंग, धूळ, सगळं त्यांचं खाद्य.

पूर आला नसता तर त्या पावसाळ्यात माझ्या वरच्या कपाटाचा आकडा २८ झाला असता का? २०१९ आणि २०२० च्या पावसाळ्यातलं त्याच कपाटाचं मोजमाप माझ्याकडे आहे. १७ च्या वर ते कधी गेलं नव्हतं.

आता वेळेबद्दल. नुकसानीची पाहणी करणारे सर्व्हेअर आले ३ ऑगस्टला. अख्खं शहर पाण्याखाली गेलं होतं, त्यांच्याकडे शेकडो घरं होती, त्यांना मी दोष देत नाही. पण तोवर मी काय करायला हवं होतं? पॉलिसी मला एकीकडे सांगते की नुकसान वाढू नये म्हणून शक्य ते सगळं करा. दुसरीकडे सांगते की खराब झालेल्या वस्तू पाहणीसाठी ठेवा. आग विझली की जळकं दार पंधरा दिवस कोपऱ्यात उभं राहिलं तरी आणखी जळत नाही. ओलं प्लाय मात्र रोज शेजारच्या प्लायला लागण देतं. मी पाहणीसाठी म्हणून अकरा दिवस ओलं फर्निचर घरात ठेवलं. ते पहिल्याच दिवशी अंगणात काढलं असतं, तर वरची अर्धी कपाटं वाचली असती असं माझा हात सांगतो. नियम पाळला म्हणून नुकसान वाढलं, आणि वाढलेलं नुकसान नियमात बसत नाही म्हणून नाकारलं गेलं.

आपल्या २०२४ च्या परिपत्रकाने सर्व्हेअरची नेमणूक चोवीस तासांत आणि अहवाल पंधरा दिवसांत असा दंडक घातला. हे चांगलं झालं, मनापासून लिहितो. पण बुरशीचं घड्याळ दोन दिवसांचं आहे. पंधराव्या दिवशी अहवाल आला तरी पहिल्या पाहणीत जे दिसलं नाही ते अहवालात येतच नाही. माझ्याकडे दुसरी पाहणी झालीच नाही. सप्टेंबरमध्ये फोटो पाठवले, त्यावर वर सांगितलेलं उत्तर आलं.

मध्ये गणपती होते. त्या वर्षी १० सप्टेंबरला, म्हणजे पुरानंतर बरोबर पन्नासाव्या दिवशी. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, हैदराबादला सांगतो : गणपती बसायच्या आधी घराला रंग लागतोच. त्या वर्षी चिपळुणात घरोघरी ओल्या भिंतींवर डिस्टेंपर मारला गेला. आम्हीही मारला. त्याने दोन गोष्टी झाल्या. ओल आत कोंडली आणि दिवाळीपर्यंत पोपडे सुटून तीच बुरशी रंगासकट बाहेर आली. आणि पुरावा झाकला गेला. ज्यांनी ऑक्टोबरमध्ये दावा वाढवून मागितला, त्यांना ‘तुम्ही तर रंगकाम पूर्ण केलंय’ असं ऐकावं लागलं.

सर्व्हेअरसाहेब जाताना म्हणाले होते, ‘ब्लीचिंगच्या पाण्याने पुसून घ्या, जाईल.’ हा समज विमा क्षेत्रातच नव्हे, सगळीकडे आहे, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहितो. दाव्याचा खर्च ‘पुसण्याचा’ धरायचा की ‘काढून टाकण्याचा’, हे यावरच ठरतं.

टाइल, काच, स्टील, चांगली शाबूत सनमायका, यांवरची बुरशी साबणाच्या पाण्याने घासून जाते. पृष्ठभाग सच्छिद्र असेल तर नाही. प्लायच्या थरांत, गिलाव्यात, गादीत बुरशीची मुळं आत गेलेली असतात. ब्लीचने वरचा काळा रंग उडतो, त्यातलं पाणी आत मुरतं आणि महिन्याभरात ठिपके परत. शिवाय मेलेली बुरशीही त्रास देते, म्हणून मारून भागत नाही, खरवडून बाहेर न्यावी लागते. गिलावा चिऱ्यापर्यंत फोडायचा, प्लाय कापून टाकायचं, सगळं वाळेपर्यंत थांबायचं, मगच नवीन काम. साधारण तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा पट्टा असेल तर घरच्या माणसाने एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा घालून तो करायला हरकत नाही. त्याहून मोठं असेल तर खोली प्लास्टिकने बंद करून माहितगाराकडून करून घ्यावं. सुकं घासू नये, आधी हलकं ओलं करावं, नाहीतर बीजाणू घरभर उडतात. आणि एक कळकळीची सूचना : पुरानंतर घरोघरी ब्लीचिंग पावडर येते, आणि फरशीवरच्या चिखलाचे डाग काढायला लोक बाथरूमचं अ‍ॅसिड वापरतात. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो. आमच्या गल्लीत एक बाई त्याने मोरीतच कोसळल्या होत्या.

वाळवणं हे सगळ्यात अवघड. फोटो स्टुडिओवाल्या एका मित्राचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं, त्याच्याकडून हवेतली ओल ओढणारं यंत्र आणलं, लेन्स सांभाळायला ते लोक ठेवतात. आईच्या खोलीची दारं-खिडक्या बंद करून लावलं तर पहिल्या दिवशी त्याने दोन बादल्या पाणी काढलं. खोलीतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली ठेवावी असं सांगतात. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच ऐंशी-नव्वदच्या घरात असते, खिडक्या उघडून काही वाळत नाही. यंत्राशिवाय माझ्या भिंती डिसेंबरमध्ये वाळल्या असत्या. पण यंत्राचं भाडं, विजेचं बिल, हे पॉलिसीच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आईबद्दल दोन ओळी. तिला त्या खोलीत खोकला धरला, रात्री धाप लागायची. मे महिन्यातल्या म्युकरमायकोसिसच्या बातम्या ताज्या होत्या, ‘काळी बुरशी’ हे शब्द ऐकूनच घरात घबराट झाली. डॉक्टरांनी समजावलं की तो आजार वेगळा, भिंतीवरचे काळे ठिपके म्हणजे तो नव्हे. पण ही ओल श्वासाला वाईटच, खोली बदला. ऑगस्टअखेर तिला कुंभार्ली घाट चढून कराडला मामांकडे नेलं, तिथल्या कोरड्या हवेत तीन आठवड्यांत खोकला थांबला. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत ओलसर घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास आणि दम्याचा धोका जास्त असल्याचं म्हटलं आहे. तेव्हा हा भिंतीच्या शोभेचा प्रश्न नाही.

मी काही नवं मागत नाही, हे आता आपल्याच मसुद्यावरून दाखवतो. ‘भारत गृह रक्षा’मध्ये चोरी ही स्वतंत्र आपत्ती नाही. पण पूर-वादळासारख्या घटनेनंतर, तिच्यामुळे, सात दिवसांच्या आत चोरी झाली तर भरपाई मिळते. म्हणजे घटनेच्या मागोमाग येणारं नुकसान, मुदत घालून, घटनेचाच भाग मानायचं हे तत्त्व आपण स्वीकारलेलं आहे. तसंच प्रदूषणाचं. ते वगळलेलं आहे, पण विम्याने संरक्षित घटनेतूनच ते झालं असेल तर वगळलेलं नाही. या दोन वाक्यांच्या शेजारी बुरशीचं तिसरं वाक्य बसायला काय अडचण आहे? मलबा हटवण्यासाठी दाव्याच्या दोन टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद-सर्वेक्षकांच्या फीसाठी पाच टक्क्यांपर्यंत रक्कम आपण देऊ केली आहे. वाळवण्याच्या खर्चाला तसा एक रकाना का नसावा?

कंपन्या कशाला घाबरतात, याची मला कल्पना आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये २००१ साली एका घरमालकिणीला बुरशीच्या दाव्यात ज्यूरीने ३ कोटी २० लाख डॉलर मंजूर केले. अपिलात ती रक्कम ४० लाखांवर आली, पण तोवर तिथल्या विमा कंपन्यांनी बुरशीचं कलम आवळलं होतं. तरीही तिथे अनेक पॉलिसींत पाइप फुटण्यासारख्या अचानक घटनेतून आलेल्या बुरशीला ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई मिळते. मर्यादा घाला, आमची ना नाही. सध्या मर्यादाही नाही आणि शब्दही नाही, त्यामुळे प्रत्येक सर्व्हेअर आपल्या मनाने रेघ ओढतो.

आणि दरवर्षीच्या पावसाळ्यातली बुरशी विम्यात घ्या असं मी म्हणत नाही. आषाढात चपलांवर येणारी, कपाटामागे भिंत पाझरून येणारी, गच्चीला पडलेल्या भेगेतून उतरणारी, ती घरमालकाची जबाबदारी. आगोटीच्या आधी कौलं, पत्रे, पन्हळ पाहणं, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवणं, आतून ऑइलपेंटऐवजी चुना देणं, हे आमचं काम. चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही आणि भिंत श्वास घेते, हे जुन्या लोकांना माहीत होतं.

प्रश्न असा, की ही जुनी ओल आणि पुरानंतरची बुरशी वेगळी ओळखता येते का? येते, आणि सर्व्हेअरना ते शिकवता येईल. भिंतीवर पांढरं दिसलं की ती बुरशीच असं नाही. लोणा, म्हणजे भिंतीतून फुटणारा क्षार, असेल तर बोटाला खरखरीत लागतो आणि पाण्याचा थेंब टाकला की विरघळतो. बुरशी पुसली की फरफटते, आणि कुबट वास येतो. भिंतीवर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवलं, तर आतल्या बाजूला थेंब धरले की ओल भिंतीतून येतेय, बाहेरच्या बाजूला धरले की हवेतून. गिलाव्यावर काठी वाजवली की सुटलेला भाग पोकळ वाजतो. जुन्या गळतीच्या भिंतीवर एकावर एक पिवळट कडा असतात, दर पावसाळ्याची एक. पुराची ओल खालून एकसारखी चढलेली असते आणि मीटरचा आकडा वर जाल तसा कमी होत जातो. कपाटाची पाठ उघडल्याशिवाय मात्र काहीच कळत नाही. माझ्याकडे आलेल्या पाहणीत एकही पाठ उघडली गेली नव्हती.

म्हणून माझी मागणी अशी. पॉलिसीत एक वाक्य घाला : विम्याने संरक्षित घटनेमुळे घरात पाणी शिरलं असेल, तर त्यानंतर साठ दिवसांत दिसलेली बुरशी आणि कुजणं हा त्याच घटनेचा भाग मानला जाईल. पाणी उतरल्यावर तारीख-वेळेसह फोटो काढून ओलं सामान घराबाहेर काढायला घरमालकाला मोकळीक द्या, पाहणीसाठी हातभर तुकडा ठेवायला सांगा. पुराच्या दाव्यात सहा आठवड्यांनी दुसरी पाहणी सक्तीची करा. सर्व्हेअरच्या पेटीत ओल मोजायचं मीटर असू द्या, कॅमेरा असतोच. आणि वाळवण्याच्या खर्चाला दाव्याच्या टक्केवारीत जागा द्या, किती ते आपण ठरवा.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे छपरं उडाली, तेव्हा नवी कौलं-पत्रे मिळायच्या आधी पावसाळा येऊन उभा राहिला आणि कित्येक घरं आठवडेच्या आठवडे आतून भिजली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते, जुलैत महाड आणि चिपळूण. इथे वादळ किंवा पूर आला की मागून बुरशी येतेच. २०४७ पर्यंत प्रत्येकाला विमा हे आपलं उद्दिष्ट आहे. आमच्या गल्लीत पुरानंतर दोघांनी पॉलिसी पुढे चालू ठेवलीच नाही, ‘बुरशीचं काही देत नाहीत’ एवढंच त्यांचं कारण.

माझा स्वतःचा दावा आता संपला आहे. विमा लोकपालांकडे नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायचं असतं, आणि ते वर्ष घर उभं करण्यात गेलं. मला पैसे नकोत. २४ जुलै ते ३१ डिसेंबर २०२१ ची आकड्यांची वही, तारखांचे फोटो आणि आईच्या खोलीतून कापून ठेवलेला प्लायचा एक तुकडा माझ्याकडे आहे. मसुद्याच्या पुढच्या फेरविचारात त्यांचा उपयोग होणार असेल तर आपण सांगाल त्या पत्त्यावर पाठवतो.

आपला,
एक घरमालक, चिपळूण